कडू लागलं का?

कारखान्यांत मास्क तपासायला गेलो, की मी माणसाला आधी मास्कशिवाय बसवतो. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालून आत कडू पाण्याचा फवारा मारतो. तोंड वाकडं झालं, की मास्क लावून पुन्हा तोच फवारा. आता कडू लागलं नाही, तर मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला. ‘कडू लागलं का?’ हे दिवसभर विचारून संध्याकाळी मला माझाच आवाज नकोसा होतो.

त्या दिवशी रंगाच्या कारखान्यात सगळ्यात शेवटी शकुंतलाबाई बसल्या. रंग कालवणाऱ्या खात्यातल्या. मी फवारा मारला. त्यांचं तोंड वाकडं झालं नाही. पुन्हा मारला, मग आणखी.

“कडू लागलं का, बाई?”

“नाही साहेब. म्हणजे पास ना मी?”

मास्क अजून माझ्या हातातच होता.

“घरी जेवणाची चव कळते?”

“बरेच दिवस झाले, मीठ सूनबाईच बघते. म्हटलं, वय झालं.”

वयामुळे की रंगातल्या थिनरच्या वाफेमुळे, ते मला कुठून कळणार? एकदम काही गेलं तर माणूस ओरडतो. हे रोज चिमूटभर गेलं आणि घरानं मिठाचा डबा सुनेच्या हाती दिला, एवढंच.

मॅनेजरशी बोलून मी त्यांना तूर्त पॅकिंगमध्ये बसवायला लावलं. म्हटलं, “डॉक्टरांना दाखवा.”

“दाखवते की,” त्या पदर सारखा करत म्हणाल्या. “पण सांगू काय त्यांना? दुखत तर कुठंच नाही.”