डोंग्याची मोटर कोणत्या बाजूला?

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आज दादानं आमच्या शिडाच्या छोट्या डोंग्याला मोटर लावली. मागं मधोमध सुकाणू, म्हणून ती एका बाजूलाच बसते.

मी म्हटलं, “तू उजवीकडं बसतोस, तिकडंच लाव ना.”

“मंग सारं वजन एकाच बाजूले होईल वं,” म्हणत त्यानं डावीकडं लावली.

गोसीखुर्द धरणाच्या भर पाण्यात मोटर बुडालेल्या झाडात अडकली. ती उचलायला दादा डावीकडं वाकला आणि नेमकं शीड वाऱ्यानं भरलं. डोंगा कलला, पाणी आत यायला लागलं. मी शिडाची दोरी सोडली म्हणून वाचलो.

आमचं जुनं गाव याच पाण्याखाली आहे. दादा खाली बघत म्हणाला, “आपल्या आंगणातली चिंच होय वं हे.”

आता मोटर उजवीकडं, त्याच्या हाताशी. वजनाला डावीकडं मी. पण खरं सांगा, स्वतःच्या घरावरून मोटर चालू ठेवून जाववतं का?