समोरच्या मांडवातला आवाज

काकांनी नागपूरच्या बाजारातून कॉर्डलेस माइक आणला, त्या दिवशी आमच्या दुकानात दुसरं काही कामच झालं नाही. काका माझ्या नात्यातले नव्हते. वर्ध्यात त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं आणि मी त्यांचा ऑपरेटर होतो. माझ्या गावी, आंजीला, आमचं घरचं किराणा दुकान. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स संपवून मी गल्ल्यावर बसावं अशी बाबांची इच्छा होती. पण शिकत असताना एकदा कोणाच्या तरी बारशात मी माइकपुढे "हॅलो" म्हणालो, आणि तो हॅलो गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर आपटून माझ्याकडे परत आला. त्यानंतर डाळ-तांदळात माझं मन लागेना.

तर तो माइक. त्याला वायर नव्हती, हीच मोठी गोष्ट होती. हळदीकुंकू वाहून झाल्यावर काका तो तोंडाशी धरून रस्त्यावर निघाले आणि मी दुकानात रिसीव्हरपाशी बसलो. स्पीकरमधून काका म्हणाले की ते चहाच्या टपरीपाशी आलेत. मग म्हणाले, सायकलच्या दुकानापाशी आलेत. त्यानंतर नुसतंच फस्स. पण काकांना ते कळायला काही मार्गच नव्हता. ते बोलत बोलत पार बसस्टँडपर्यंत गेले. लोक थांबून पाहत होते. पांढऱ्या पायजम्यातला एक पोक्त माणूस, कुठे वायर नाही, कुठे भोंगा नाही, आणि हवेला सांगतोय की मी आता स्टँडवर पोचलो. परत आले तेव्हा घामाने निथळत होते आणि इतके खूश होते, की मला खरं सांगवेना. संध्याकाळी सांगितलं. त्यांना काही वाटलं नाही. स्टँडपर्यंत आपण नुसते बोलत गेलो, याचंही त्यांना हसूच आलं.

त्या माइकचं पहिलं लग्न आंजीत लागलं. माझंच गाव, आणि मांडव शाळेच्या पटांगणात. बाबाही पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. मुहूर्त दुपारचा, सव्वाबाराचा. नेमक्या त्याच मुहूर्तावर रस्त्याच्या पलीकडे, मोकळ्या वावरात दुसरं लग्न होतं. तिथला आवाज वर्ध्याच्याच दुसऱ्या दुकानाचा. त्या दुकानाचे मालक आणि आमचे काका कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि का बोलत नव्हते हे दोघांनाही धड सांगता येत नसे. ते मालक निंबाच्या झाडावर भोंगा बांधताना पडले होते आणि पाय प्लास्टरमध्ये होता, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या मशीनवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, कोण बसलंय ते मला माहीत नव्हतं. त्यांनीही नागपूरच्या त्याच बाजारातून तसाच कॉर्डलेस माइक आणला होता, हे तर अजिबातच माहीत नव्हतं.

पहिलं मंगलाष्टक झकास झालं. दुसरं सुरू करताना भटजींनी माइकचं बूड मुठीत गच्च आवळलं. त्या स्वस्तातल्या माइकची अँटेना नेमकी तिथेच असायची. झालं, भटजींचा आवाज गेला आणि आमच्या भोंग्यांतून एका बाईचा आवाज यायला लागला. गोड आवाज, जरा वरच्या पट्टीतला. ती अगदी मन लावून मंगलाष्टक म्हणत होती आणि इकडे भटजींचे नुसते ओठ हलत होते. मला वाटलं, भटजींनी घरातल्या कोणाला तरी म्हणायला लावलं असेल. मग बाईंनी ओळीत नवरदेवाचं नाव गुंफलं, आणि ते आमच्या नवरदेवाचं नव्हतं. पुढच्या ओळीत नवरीचं आलं, तेही वेगळंच. तोवर "सावधान" आलं होतं आणि चार-पाचशे माणसांनी आमच्या जोडप्यावर अक्षता टाकल्या होत्या.

अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिसीव्हर बंद केला, वायरचा जुना माइक उचलला आणि बायकांच्या गर्दीतून वायर ओढत भटजींपाशी पळालो. कॉर्डलेस त्यांच्या हातातून घेतला आणि जुना दिला. भटजी शांत माणूस. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं,

"ते मंगलाष्टक धरायचं की नाई?"

"नका धरू. दुसरं पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं आणि उरलेली मंगलाष्टकंही वायरवर नीट पार पडली. पण घाईत मी काढून घेतलेला कॉर्डलेस शर्टाच्या खिशात टाकला, तो चालूच. लग्न लागल्यावर नवरीचे मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि आचाऱ्यांकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, की झालं आता, पंगत बसवा, बुंदी काढा, मठ्ठा पुढे आणा, कोणी उपाशी जाऊ नये. आवाज कुठून तरी परत आल्यासारखा वाटला म्हणून मी रस्त्यापलीकडे पाहिलं. दोन्ही माइक एकाच फ्रिक्वेन्सीचे होते, आणि मघाची ती बाईही तिकडच्याच वऱ्हाडातली. तिकडे भटजी जरा सावकाश म्हणणारे होते, अंतरपाट अजून धरलेलाच होता, आणि अर्धं वऱ्हाड उठून जेवणाकडे चाललं होतं.

मी पळत सुटलो. रस्त्याच्या मधोमध मला ती भेटली. माझ्याच वयाची मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली, गळ्यात हेडफोन, हातात अगदी आमच्यासारखाच माइक. तीही पळतच येत होती.

"तुम्ही तुमचा माइक काऊन बंद करत नाई?" ती म्हणाली.

"तुमच्या माइकानं आमच्या भटजीचं एक मंगलाष्टक खाल्लं."

"अन् तुम्ही आमचं वऱ्हाड जेवाले बसवलं. नवरी तशीच उभी हाय तिकडे."

मला राग आला होता, आणि आपलीच चूक असली की जो येतो त्या प्रकारचा. मी म्हणालो की ज्याला मशीन सांभाळता येत नाही त्याने मशीनवर बसू नये. त्यावर ती एक पाऊल पुढे आली.

"मशीन तुम्ही सांभाळून राह्यले का? सकाळपासून तुमचे भोंगे घों-घों करून राह्यले. पह्यले आपलं अर्थिंग पाहा."

मग दोन्ही बाजूंनी एकदम हसू फुटलं. दोन मांडव, हजारेक माणसं, आचारी, बँडवाले, सगळे हसत होते. आम्हाला क्षणभर कळेना. तिने हातातल्या माइककडे पाहिलं. लाल दिवा लागलेला. मी खिशात पाहिलं, तिथेही लाल दिवा. आमचं सगळं भांडण त्यांच्या भोंग्यांतून निघालं होतं, आणि रस्ता तो केवढा, आमच्या मांडवातही शब्द न् शब्द पोचला होता. तिने पटकन बटण बंद केलं. मग तिला जे हसू यायला लागलं ते थांबेचना. रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून, पोट धरून ती हसली. मीही तिथेच उभा राहून हसत होतो आणि मनात एवढंच येत होतं, की हिने इतक्यात थांबू नये.

पण पलीकडे नवरी खरोखरच उभी होती. मी आमच्याकडचा जादा वायरचा माइक तिला आणून दिला, जेवायला बसलेल्यांना हातापाया पडून उठवलं, आणि त्यांची उरलेली मंगलाष्टकं झाली. मग आमची पंगत चालू असताना ती लोखंडी सळई आणि पाण्याची बादली घेऊन आमच्या मशीनमागे आली. जमिनीत सळई ठोकली, भोवती पाणी ओतलं, अर्थिंगची वायर सोलून घट्ट गुंडाळली. भोंग्यांची घरघर थांबली. दोन वर्षं मी ती घरघर ऐकत होतो आणि मशीन म्हटलं की ती असणारच असं समजत होतो. आता भोंगे चालू होते आणि तरी शांत होते. वाढप्यांच्या पळ्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. तिने मला विचारलं, कसं वाटतं? मी म्हणालो, बरं वाटतं. याहून शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

आमचा माइक तिच्याकडेच राहिला होता. तो आणायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं, की ती त्या मालकांचीच मुलगी. बापाचा पाय मोडल्यापासून दुकान तीच चालवत होती. मालकांनी खाटेवरून मला बसायला सांगितलं, चहा दिला, काकांची तब्येत मात्र विचारली नाही. मी निघालो आणि माइक मुद्दाम विसरलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा विसरलो. तिसऱ्या खेपेला तिने तो पिशवीत घालून माझ्या सायकलच्या हँडलला बांधला आणि म्हणाली, आता माइक न विसरता येत जा. वर्ध्यापासून आंजीपर्यंत त्या दिवशी मी सायकल कशी मारली मला आठवत नाही. वाटेतल्या दोन म्हशींशी मोठ्याने बोललो, एवढं आठवतं.

नंतर गिरडला टेकडीच्या पायथ्याशी सामूहिक विवाहाचं मोठं काम आलं. एका दुकानाचं सामान पुरण्यासारखं नव्हतं. काका आणि तिचे वडील आमच्या दोघांमार्फत बोलले, म्हणजे एकाने मला सांगायचं, मी तिला, तिने त्यांना. असं करून दोन्ही दुकानांचे भोंगे एकाच टेम्पोत चढले. यावेळी सगळं वायरवर. सकाळी मांडव रिकामा असताना ती स्टेजवरून माइक तपासत होती आणि मी शेवटच्या भोंग्याखाली उभा होतो. "हॅलो, हॅलो, येते का आवाज?" टेकडीने ते हळूच परत केलं. मी हात वर केला. मग तिने माइक बंद केला, बंद झाल्याची दोनदा खात्री केली, आणि चालत माझ्यापर्यंत आली.

"आमच्या घरी बोलणी कराले कोण येईल? तुमचे बाबा, की काका?"

मी म्हणालो, दोघंही येतील. हातातली वायर मी कुठल्या कुठे जोडत होतो. तिने ती काढून बरोबर जागी लावली आणि परत स्टेजवर गेली. दिवसभर जोडप्यामागून जोडपी उभी राहिली, आवाज कुठेही फाटला नाही. मला प्रत्येक नवरदेवाला मिठी मारावीशी वाटत होती. परतीच्या वाटेवर टेम्पोत मागे भोंग्यांमध्ये बसून मी येईल ते गात होतो. ती ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि काच ठोकून मला गप्प बसायला सांगत होती. मी काही गप्प बसलो नाही.

बाबांना दुकानात सांगितलं. ते गिऱ्हाइकाला तुरीची डाळ मोजून देत होते. ऐकलं, तराजू खाली ठेवला.

"तीच ना, जिनं तुले रस्त्यावर झापलं?"

"हो."

"मंग चांगली हाय," बाबा म्हणाले आणि डाळ पुन्हा मोजायला घेतली.

रविवारी सकाळी दहाला आम्ही तिच्या घरी गेलो, बाबा, मी आणि काका. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तिचे वडील काठी टेकत दारापर्यंत आले. दोघं समोरासमोर बसले. बाबांनी पावसापाण्याचं काढून पाहिलं, चाललं नाही. मग काकांनी कोपऱ्यातला एक उघडा स्पीकर पाहिला आणि विचारलं, स्पीकरच्या फाटलेल्या कागदी कोनाला तुम्ही काय लावता? तिच्या वडिलांनी सांगितलं. काका म्हणाले, ते उन्हात सुटतं. ते म्हणाले, आमचं नाई सुटत. दोघंही उठून स्पीकरपाशी जाऊन बसले. आलूपोह्यांच्या बश्या आल्या आणि रिकाम्या झाल्या. मग पुन्हा आल्या. बाबा खुर्चीतच पेंगायला लागले. ती आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती, हसू आवरत. लग्नाचा विषय निघायला साडेचार वाजले.