आजोबांच्या साताऱ्यातलं गाव

मंडळी, आज इथे परदेशात राहणाऱ्या आत्याचा डबा परत द्यायला मरीन परेडला, तिच्या घरी निघालो होतो. उकाड्याला कंटाळून वाटेत लायब्ररीत शिरलो.

तिथल्या कॉम्प्युटरवर सहज इंग्रजांच्या काळातला सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडला. आमच्या कुलदेवीचं गाव बाबा कित्येक वर्षं साताऱ्यात शोधतायत, कारण आजोबांनी जिल्हा तोच सांगितलेला. नकाशात ते सापडलं! फक्त तो भाग आता सांगलीत आहे.

लगेच बाबांना फोन केला. "भूगोलात नापास झालेल्यानं शोधलं होय!" मग म्हणाले, "आता तू आल्याशिवाय मी तिकडे जात नाही."

तीन वर्षं घरी गेलो नाहीये.

आजोबांच्या वेळी तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात होतं? विचारा घरी. मी तिकीट बघतोय. आत्या, डबा उद्या आणतो.