भिंतीपलीकडचा बुगो

प्यो मालसुन गेल्या हिवाळ्यात वारल्या. संस्थेच्या फोनवर सतरा वर्षं बसून त्यांनी मार खाणाऱ्या बायकांचं ऐकून घेतलं, ते तिथल्या बायका लिहितीलच. त्याआधीचं मी लिहावं असं त्या बायकांनी सांगितलं, कारण इंचनच्या त्या गल्लीतला आता मीच उरलोय. मी लोकांच्या नावाचे, सहीऐवजी मारायचे शिक्के कोरणारा माणूस. लिहिणं कितपत जमेल, ठाऊक नाही.

नऊ वर्षं आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, पण मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. गल्लीत त्या ‘मीरानची आई’. पाच बहिणींतल्या धाकट्या. आता मुली पुरे म्हणून बापाने मालसुन, म्हणजे ‘शेवटची’, असं नाव ठेवलं होतं. नवरा मेंग टॅक्सी चालवायचा. कुणाचं म्हातारं माणूस आजारी पडलं तर फुकट दवाखान्यात पोचवायचा. सगळ्यांचा लाडका.

तो पिऊन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून धप्प धप्प आवाज यायचा. आमच्याकडे कोरियात दारूवर उतारा म्हणून बुगोचं सूप करतात. हा वाळवलेला मासा लाकडासारखा कडक असतो, दांडक्याने ठोकून मऊ केल्याशिवाय शिजत नाही. माझी बायको म्हणायची, काल मेंगभाऊजींची जास्त झाली वाटतं. आणि आम्ही जेवत राहायचो.

१९८३च्या उन्हाळ्याच्या तोंडावर नळावर मी मीरानच्या आईची थट्टा केली.

"मजा आहे मेंगची. उठल्या उठल्या गरम सूप."

त्यांनी बादली डाव्या हाताने उचलली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली होती.

"आमच्या घरात शेवटचा बुगो येऊन चार वर्षं झाली, दादा," त्या म्हणाल्या.

त्यानंतरही तो आवाज येतच राहिला. आता तो कसला हे मला कळत होतं. मी रेडिओ मोठा करायचो.

त्याच उन्हाळ्यात सोलमधल्या काही बायकांनी अशा घरांतल्या बायकांसाठी टेलिफोन सुरू केला. मालसुननी वर्तमानपत्रातला नंबर फाडून ठेवला आणि तंबाखूच्या दुकानातून फोन लावला. तिथून इनोक नावाची एक मुलगी आली, कापलेले केस, पँट घातलेली. दुकानवाली तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, चार बुकं शिकल्या आणि लोकांचे संसार मोडायला निघाल्या.

"मावशी, मोडलाय तो हात," इनोक म्हणाली. "संसार कुठे दिसतोय?"

घटस्फोट मिळाला असता, पण कायद्याने मुलगी बापाची. मालसुननी इनोकला साफ सांगितलं, "एकटी सुटून काय करू? मीरान इथे राहिली तर पुढचा मार तिचा आहे."

फोनचं मेंगच्या कानावर गेलं. भर दुपारी त्याने बायकोला तंबाखूच्या दुकानातून केस धरून अंगणात ओढत आणलं आणि धुण्याच्या दांडक्याने मारायला सुरुवात केली. तिसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला. दात फरशीवर पडले. त्या दिवशी भेटायला आलेली इनोक मध्ये पडली तर तिचं कपाळ फुटलं. अकरा वर्षांची मीरान बापाच्या मनगटाला चावली, त्याने तिला उचलून किमचीच्या, तिखट लोणच्याच्या रांजणावर फेकलं. रांजण फुटला, पोरगी लाल पाण्यात पडली, त्यात रक्त किती ते कळेना. सगळी गल्ली उभी होती. "पुरे की आता, भाऊ," कुणीतरी म्हणालं, पंगतीत म्हणतात तसं. मी हातात छिन्नी घेऊन दारात उभा होतो. उभाच होतो.

पोलीस म्हणाले, घरचं भांडण आहे, बाहेरचा साक्षीदार आणा. तक्रार टिकली असती तर मेंगचा टॅक्सीचा परवाना गेला असता, आणि ती मागे घेण्याच्या बदल्यात त्याने मुलगी दिली असती. इनोक कपाळाला पट्टी बांधून अकरा घरं फिरली. कुणी काही पाहिलं नव्हतं. बारावं घर माझं.

चौकीत जबाब लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. बाईंचं नाव इनोकला विचारावं लागलं. जबाब वाचून हवालदार हसला. "नऊ वर्षं मासा कुटतायत असं वाटलं तुम्हाला?"

"शेवटचे चार महिने नाही," मी म्हणालो, आणि खाली माझा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी मेंग माझ्या दुकानात आला. शिक्क्यांचा खण त्याने माझ्या डोक्यावर उपडा केला, माझा डावा हात टेबलावर दाबून माझ्याच हातोडीने अंगठा ठेचला. "मागे घे," तो म्हणत होता, दर घावाला. मी रडलो, पण जबाब मागे घेतला नाही. ते धाडस नव्हतं. मारलेला शिक्का मागे घेता येतो हे मला सुचलंच नाही. जन्मभर लोकांना उलटंच सांगत आलो होतो.

आता त्याच्यावर दोन तक्रारी झाल्या. आठ दिवसांनी त्याने मुलगी आईकडे द्यायच्या कागदावर शिक्का उमटवला.

निघताना मालसुन माझ्या दुकानापाशी थांबल्या. हात प्लास्टरमध्ये, जबडा सुजलेला, शेजारी बोचकं घेतलेली मीरान. माझ्या बांधलेल्या अंगठ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दुखतं का?"

"थोडं."

"सुरुवातीला थोडंच वाटतं, दादा," त्या म्हणाल्या आणि मुलीला घेऊन बसच्या थांब्याकडे गेल्या.

त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी आभाराची वाट पाहत उभा होतो.