शेरभर ज्वारीचा भिकन

अमळनेर सोडून दोन कोस झाले होते. दुपारची एसटी आलीच नाही, म्हणून दोघी पायी निघाल्या होत्या. सुंदरबाई गावच्या शाळेत शिकवायची. तानुबाईला सहीपुरतं लिहिता येई, त्यामुळे तिच्या पाळणाघराची वही सुंदरबाईच भरून द्यायची आणि कचेरीतही तीच सोबत जायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. सुंदरबाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत पाय टाकत होती. दुसरं काही सुचतही नव्हतं.

तानुबाई विसाव्या वर्षी विधवा झाली. पोटी मूल नाही. पंधरा वर्षं तिने कापूस वेचला. बांधावरच्या झोळीत दुसऱ्याचं पोर रडलं की हीच उठायची आणि मुकादमाची बोलणी खायची. पुढे सरकारने मजूर बायांच्या पोरांसाठी पाळणाघराला अनुदान दिलं, तेव्हा गावाने तिलाच बसवलं. चौऱ्याऐंशी साल असेल. चार वर्षं नीट गेली. दूध, लापशी, तिचं मानधन, सगळं निदान पंचवीस पोरांच्या अटीवर. तिच्याकडे सत्तावीस होती.

घोळ झाला तो नावांचा. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं नवं बाळ सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवतात. शेजारीण धान्य देऊन ते विकत घेते आणि आईकडेच सांभाळायला देते. मग कुणीही विचारलं तरी आई शेजारणीचंच नाव सांगते. माझं म्हटलं तर तेही जाईल, ही धास्ती. अशी पाच पोरं पाळणाघरात होती. तानुबाईने आयांनी सांगितलं तसं सांगितलं, सुंदरबाईने तसं लिहिलं. तपासणीत जन्मनोंदीशी ताळा घेतला, तेव्हा पाचही नावं खोटी ठरली. उरली बावीस. अनुदान थांबलं.

आज अमळनेरच्या कचेरीत साहेबांनी विचारलं होतं, "बाई, तुमच्या गावात एकेकीला चार-चार महिन्यांनी बाळ होतं का?" मग वहीवर बोट ठेवून, "आणि हा भिकन तर तुमच्याच नावावर. तुम्ही तर विधवा ना?"

"विकत घेतला मी त्याला, साहेब. शेरभर ज्वारी देऊन."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. सोमवारपर्यंत खऱ्या आईबापांची नावं आणा, नाहीतर पाळणाघर बंद, एवढं म्हणून त्यांनी वही परत दिली.

नाल्याच्या पुलावर दोघी टेकल्या. तानुबाईने चपलेतला खडा झटकला.

"चौघींले मी समजाडसू," ती म्हणाली. "त्या ऐकतीन."

"आणि भिकनची आई?"

"ती कालच बोलनी, अक्का, पोर तुनं शे, तूच ठराव."

"मग त्याचंही खरं लिहू. हिलाल त्याचा बाप, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावले माहीत शे. ज्याले माहीत नको, जो पोरे लई जास, तेले कशाले सांगू?"

सुंदरबाईने बोटांवर मोजलं. बावीस आणि चार, सव्वीस. पाळणाघर चालणार होतं. तानुबाईने पिशवीतून वही काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिचा चेहरा सकाळी होता तसाच होता.

"सुंदर, चौघास्नं खरं लिख. भिकननं नाव काढी टाक, पोर येत राही. हिलालनं नको, मनं बी नको. आठेच काढ, मनासमोर."