मी बेसची वायर काढली तेव्हा

हातातला चहा आधी खाली ठेवा. मी आता माझीच इज्जत काढणार हाय, आणि हसता हसता तुमच्या अंगावर चहा सांडला तर त्याचा ठपका पण माझ्यावरच यायचा.

विषय असा की, रॉक बँडमध्ये बेस गिटार लागते का. लोकांना कसले कसले प्रश्न पडतात, नोकरी, लग्न, पाणी. मला हा पडला. पडला तर पडला, गप बसावं ना माणसानं? पण मी नांदेडचा, शिकायला लातुरात. म्हणजे घरचे लांब आणि अक्कल त्याहून लांब.

आमचा बँड तिघांचा. मी गायचो आणि गिटार वाजवायचो, म्हणजे माझ्या मते बँड मीच होतो, बाकी दोघं सोबतीला. ड्रमवर इम्रान, पक्का लातूरचा. बोलणं कमी, बदडणं जास्त. आणि बेसवर शिवलीला, उदगीरची. तिच्या वडिलांचं तिथं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान. ही पोरगी कोपऱ्यात उभी राहून त्या चार जाड तारा इतक्या शांतपणे वाजवायची, की कुणाला वाटावं तूर निवडायलीय.

मी रोज प्रॅक्टिसला तिला विचारायचो, "शिवे, वाजवायलीस का नुसती उभी हायस? मला काहीच ऐकू येत न्हाई."

"तू गप बसलास की येतंय ऐकू," ती म्हणायची. मान वर न करता.

माझं शास्त्र साफ होतं. गाण्यात जे धुम धुम वाजतं ते ड्रम. जे क्यांव वाजतं ते गिटार. आता सांगा, मधे शिल्लक काय राहिलं? इम्रानला विचारलं तर तो म्हणाला, "मेरेकु नक्को पूछ. मैं उसकु सुनके बजाता, तेरेकु सुनके नै." मला वाटलं, गंमत करून राहिला.

एक दिवस शिवलीलाचे वडील, म्हणजे अप्पा, मालाच्या कामानं लातूरला आले आणि लेकीला भेटायला थेट प्रॅक्टिसच्या खोलीवर. कपाळावर विभूती, कडक पांढरे कपडे. शिवलीला चहा सांगायला खाली गेली. अप्पांनी मला एकच साधा प्रश्न विचारला, "पोरगी काय वाजवते?"

साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यायला काय झालं होतं मला? पण न्हाई. मी म्हणलो, "अप्पा, ती बेस वाजवते. ते कुणाला ऐकू येत नसतंय. असलं काय, नसलं काय."

विनोद होता तो. अप्पा हसले न्हाईत. अडतीवर जन्म काढलेला माणूस. पोत्यात हात घालून बघितल्याशिवाय दाणा मानत न्हाई. शिवलीला चहा घेऊन वर आली तर तिला तिथंच ऐकवलं: मी एकदा येऊन माझ्या कानानं ऐकणार. ऐकू आलं तर वाजव, माझी काही हरकत न्हाई. न्हाई आलं, तर ती गिटार विकायची आणि बँडचं नाव पुन्हा घरात काढायचं न्हाई.

शिवलीला माझ्याशी चार दिवस बोलली न्हाई. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच: "अप्पा पुढच्या महिन्यात आपल्या उदगीरच्या कार्यक्रमाला यायलेत. तोवर त्यांच्यासमोर तोंड उघडलंस तर इम्रानच्या दोन्ही काड्या तुझ्या नाकात घालीन."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. साधारण अर्धा तास.

मग डोक्यात आलं, उदगीरच्या आधी आपल्या कॉलेजचं गॅदरिंग हाय. तिथं अप्पा येणार न्हाईत. म्हणजे कुणाचं नुकसान न्हाई आणि प्रयोगाला रान मोकळं. शिवलीलाच्या गिटारीची वायर गुपचूप काढून ठेवायची, अख्खा कार्यक्रम बेसशिवाय होऊ द्यायचा, आणि शेवटी सांगायचं की बघा, एकाला तरी कळलं का? नुसतं विज्ञान. दुसरा हेतू न्हाई.

आता आमच्याकडं साउंडवाला म्हणजे कोण, तर वरातीचा डीजेवाला. गॅदरिंगला आला त्याचं नाव बालाजीभाऊ. बालाजीभाऊची कसोटी एकच: मंडपाचे पत्रे हलले की आवाज बराबर. गाणाऱ्याचा गळा, गिटार, हे सगळं त्याच्या लेखी वरून टाकायची कोथिंबीर. त्यानं आमच्या दोन्ही गिटारी स्टेजवर उभ्या करून त्यांना आपल्याच वायरी लावल्या आणि त्या पडद्यामागच्या एका पेटीत नेऊन खोचल्या.

कार्यक्रमाच्या आधी मी हळूच पडद्यामागं गेलो. पेटीत दोन वायरी. एक जाड, एक बारीक. दोन्हीला लाल टेप. ओळखायची कशी?

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हाय, विसरू नका. जाड तारांची गिटार, म्हणजे जाड वायर. उपसली.

माझ्या स्वतःच्या गिटारीला कोणती लावलीय ते बघायचं डोक्यात पण आलं न्हाई. कलाकार माणूस वायरी बघत बसत न्हाई.

पडदा उघडला. पहिलं गाणं आमचंच, मी लिहिलेलं, पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या पोराचं. आणि काय सांगू, दुसऱ्या ओळीलाच पब्लिक उठलं. शेवटच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर चढली. मंडपाचे पत्रे थडथडायले. मी गाता गाता मनात म्हणायलो, घ्या. बेस न्हाई आणि पत्रे हलायलेत. हे सगळं इम्रानच्या ड्रमचं. माझी गिटार मला ऐकू येत नव्हती, पण स्पीकरची तोंडं सगळी लोकांकडं होती, तिकडं जात असेल. मी आवाजाचं बटन पार शेवटापर्यंत पिळलं आणि डोळे मिटून एक लांब सोलो वाजवला. लई भारी वाजवला. बोटं दुखून आली.

डोळे उघडले तर समोर पाहुण्यांचा सोफा. सोफ्यावर प्राचार्य, त्यांच्या शेजारी प्रमुख पाहुणे, आणि दोघांच्या मधे अप्पा. न सांगता आले होते. त्या कपड्यात आणि त्या विभूतीत त्यांना कोण विचारणार पास कुठाय म्हणून?

अप्पांचे डोळे मिटलेले, मान खाली.

तो माणूस उदगीरहून फक्त लेकीचं वाजवणं ऐकायला आलाय, जीव कानात आणून बसलाय, आणि तिची वायर मी काढलीय. शिवलीला आपली कोपऱ्यात शांतपणे वाजवायली. तिला बिचारीला काहीच माहीत न्हाई.

पटकन मागं जाऊन वायर खोचावी, तर पडद्यामागं आता नाचाच्या पोरी कपडे बदलायल्या. तिकडं पाय टाकला असता तर गिटारच काय, कॉलेज पण सुटलं असतं. तोवर इम्राननं काडीवर काडी मारून दुसरं गाणं सुरू केलं. ते मी कसं गायलो मला आठवत न्हाई. टँकर पहिल्या गाण्यात येऊन गेला होता, तो दुसऱ्यात पुन्हा एकदा आला म्हणे.

गाणं संपलं आणि मी ठरवलं. आयुष्यात एकदा तरी माणसानं मोठं व्हावं. माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणलो, "अप्पा, शिवलीलाचा काही दोष न्हाई. तुम्हाला बेस ऐकू आला न्हाई, कारण तिची वायर मी काढलीय. मुद्दाम काढलीय. मला काय बोलायचं ते बोला, पण तिची गिटार विकू नका. तिच्यासारखी..."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. वाटलं, आता टाळ्या पडतील.

अप्पा उभे राहिले. हात वर केला. "साकु, साकु," म्हणाले. पुरे म्हणायचं असलं की उदगीरकडं असं कानडी मधेच येतं. मग जन्मभर सौद्यात बोली लावलेल्या त्या आवाजात, माईकशिवाय, म्हणाले, "मला तर बराबर ऐकू येऊन राहिलंय, बाळा. डोळे मिटून तेच ऐकायलो होतो."

मी वळून शिवलीलाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघत सगळ्यात जाड तार एकदाच छेडली.

पत्रे हलले. प्राचार्यांच्या बशीतला कप हलला. इम्रान दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

तेवढ्यात मंडपाच्या त्या टोकावरून, आपल्या मशीनमागून, बालाजीभाऊचा आवाज स्पीकरवर आला. "जाड वायर तुझी हाय रे भाऊ. तुझी लाईन पहिल्यापासूनच मेलीय. मी बघायलो होतो. म्हणलं, चांगलं चाललंय तर कशाला हात लावा."

अप्पांनी प्राचार्यांना विचारलं. हळूच विचारलं, पण त्यांचं हळू म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत. "मग ह्यो इतका वेळ काय करायला होता?"

पुढचं सांगत न्हाई. मंडप पाच मिनिटं नुसता हसत होता. मी पण हसलो, कारण दुसरं करायला काही नव्हतं. वायर परत लावू का म्हणून विचारलं तर आधी इम्रान न्हाई म्हणाला, मग शिवलीला, मग पब्लिक. तिसरं गाणं तसंच झालं आणि त्याला वन्समोअर मिळाला.

अप्पांनी जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. उदगीरच्या कार्यक्रमाला तर ते मोंढ्यातली निम्मी मंडळी घेऊन आले आणि प्रत्येकाला सांगायले, ते छातीत धडधडतंय ना, ती माझी लेक.

माझ्याबद्दल बँडची रीतसर बैठक झाली. दोघांचं मत पडलं की गिटार गळ्यात राहू द्यावी, फोटोत बरी दिसते. वायर लावायची गरज न्हाई. माझं मत विचारलं न्हाई.

उदगीरला माझे आईवडील खास नांदेडहून आले होते. वडिलांनी आजवर माझ्या वाजवण्याचं कधी तोंडभरून काय, तोंडदेखलं पण कौतुक केलेलं न्हाई. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज तुझी गिटार लई गोड लागली रे. मागं घरी वाजवायचास तसं कानाला टोचलं न्हाई."

मी म्हणलो, "हाव बाबा. लई प्रॅक्टिस करून राहिलो."