नव्या रुद्रभूमीचा शेजार

मेलेल्या माणसांच्या सुखसोयींची जेवढी काळजी आमच्या आतोबांनी वाहिली, तेवढी अख्ख्या सोलापुरात जिवंत माणसांचीही कोणी वाहिली नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. म्युनिसिपालटीच्या आरोग्य खात्यात ते इन्स्पेक्टर होते आणि गावातल्या साऱ्या स्मशानांची, दफनभूमींची देखरेख त्यांच्याकडे होती. मी तेव्हा गिरणीच्या कचेरीत नुकताच लागलो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो. खड्डा किती खोल हवा, दोन खड्ड्यांत अंतर किती हवे, विहीर किती लांब हवी, हे नियम सांगताना त्यांचा चेहरा असा फुलून येई, की माणूस घरच्या आंब्याचे कौतुक करतो आहे असे वाटावे. विषय निघायचा तो बहुधा जेवताना. शेंगाचटणीत तेल ओतता ओतता ते एखाद्या उथळ खड्ड्याची हकिकत सुरू करत आणि आत्या शांतपणे म्हणे, "आधी भाकरी संपवा, मग माणसं पुरा."

जमीन दिसली की ती मनातल्या मनात खणून पाहायची त्यांना सवयच होती. एकदा मंगळवेढ्याला एका स्नेह्यांनी आम्हांला हुरडा खायला बोलावले. सारे जण त्या काळ्याभोर रानाची तारीफ करत होते. आतोबांनी मातीचे ढेकूळ हातात घेऊन चुरडले आणि खेदाने मान हलवली. माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात इथे माणूस कोरडा राहायचा नाही, असे त्यांनी यजमानांना अगदी आपुलकीने सांगितले. यजमानांचे वडील शेजारीच बसले होते. त्यांनी हातातले कणीस खाली ठेवले आणि त्या दिवशी पुन्हा उचलले नाही.

आतोबांच्या नोकरीतला सर्वांत मोठा पेच उभा राहिला तो लिंगायतांच्या जुन्या रुद्रभूमीवरून, म्हणजे त्यांच्या दफनभूमीवरून. एके काळी ती गावाबाहेर होती. पुढे गिरण्यांमुळे वस्ती वाढली आणि घरांनी तिला चहूकडून वेढले. नवा खड्डा घेतला की जुनी हाडे वर येत, आणि कुंपणालगतच्या विहिरीचे पाणी शेजारच्या आळीतली माणसे पीत. त्या आळीत दर उन्हाळ्यात पटकीची लागण होई. आतोबांनी वर्षभर अर्जविनंत्या करून ती जागा बंद करवली आणि गावाबाहेर मुरमाड माळावर नवी जागा मिळवली. तिला कुंपण घातले, फाटक बसवले, एका कडेला कडुलिंबाची झाडे होती ती राखली. आणि मग वाट पाहत बसले. कोणीच येईना.

बंदीनंतरची पहिली अंत्ययात्रा जुन्याच फाटकाशी आली. आतोबा आडवे उभे राहिले. सकाळची दुपार झाली, लोक चिडले, शिव्याही झाल्या; आतोबा हलले नाहीत. शेवटी त्या लोकांनी मयत बैलगाडीने थेट गावाबाहेरच्या आपल्या शेतात नेले. पुढचेही तसेच कोणा ना कोणाच्या शेतात जाऊ लागले, पण नव्या जागेत कोणी पाऊल टाकीना. आतोबा घरी येऊन म्हणाले, "इतकी चांगली जागा, आणि लोक तिथं मरायला तयार नाहीत."

मग त्यांनी जागेची भलामण आरंभली. दुकानात, देवळाच्या पायरीवर, भेटेल त्याला ते तिथली हवा आणि मोकळीक वर्णन करून सांगत. बोलावण्याची वाट न पाहता आजाऱ्यांच्या समाचाराला जात. त्याचा परिणाम एवढाच झाला, की त्यांची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसताच अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसू लागली.

त्याच आळीत गुळाच्या एका आडत्याची म्हातारी आई होती. सारे तिला अव्वा म्हणत. माहेर मैंदर्गीचे, बोलणे अर्धे कानडी अर्धे मराठी, आणि तिच्या शब्दाबाहेर आळी नव्हती. ती एक दिवस आपण होऊन आतोबांना म्हणाली, दाखवा तुमची जागा. आतोबांनी टांगा केला. मीही बरोबर होतो. अव्वा लिंबाखाली बसली, पान जुळवून खाल्ले आणि बराच वेळ माळाकडे पाहत राहिली.

"जागा ब्येस हाय, सायेब," ती म्हणाली. "पर हितं कोन हाय? मानसाला शेजार लागतोय की."

आतोबा म्हणाले, कोणी तरी आधी यावे लागेल. अव्वा पान चघळत राहिली. मग म्हणाली, "माझं मानूस प्लेगात गेलं. कुटं पुरलं ते बी ठाव न्हाय मला. तितं कोन होतं त्याच्यासंगं? मी येते पयली. पर दुसरं कोन येईपतूर तुमी यायचं. हितं बसायचं, बोलायचं. व्हय म्हना."

आतोबा हो म्हणाले.

पुढल्या उन्हाळ्यात अव्वा गेली. आळीने लेकाला पुष्कळ अडवले, आईला माळावर एकटी टाकतोस का म्हणून. सुनेने सांगितले, अव्वांनी शब्द दिलाय. बेलाची पाने, विभूती घेऊन यात्रा नव्या फाटकातून आत गेली. खड्डा आतोबांनी स्वतः उतरून पाहिला.

आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की आतोबा माळावर जाऊ लागले. नुसते बसायचे नाही, बोलायचेही आहे, म्हणून आधी आडत्याच्या घरी जाऊन अव्वाच्या सुनेकडून आळीतल्या बातम्या घेत: गुळाचा भाव काय, कोण बाळंत झाली, कोणाचे कोणाशी भांडण. मग लिंबाखाली बसून मोडक्यातोडक्या कानडीत ते सगळे सांगत. मी एकदोनदा गेलो तेव्हा मलाही त्यांनी बोलायला लावले. गंमत अशी, की जागा भरावी म्हणून ज्यांनी एवढा जीव टाकला, त्यांनी आता आजाऱ्यांचा समाचार घेणे पार सोडून दिले. कोणाचे बरेवाईट आपल्या मनात येईल, याची त्यांना लाज वाटे.

थंडीच्या सुरुवातीला आळीतलाच एक म्हातारा कोष्टी वारला आणि त्याच्या घरच्यांनी कोणी न सांगता त्याला नव्या जागेत आणले. इन्स्पेक्टर एवढे बसतात, तर जागा वाईट नसणार, असे लोक म्हणू लागले होते. माती देऊन झाल्यावर अव्वाचा लेक आतोबांजवळ आला, हात जोडून म्हणाला, "आता तुमी न्हाय आलं तरी चालतंय, सायेब. अव्वाला शेजार झाला."

आतोबा त्या दिवशी घरी आले ते समाधानाने. आत्याला सारे सांगितले, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तेव्हा ते ओसरीवर टोपी घालून, छत्री हातात घेऊन उभे होते. कुठे निघालात, असे मी विचारले. "कुठं नाही," ते म्हणाले. "अव्वाच्या नातसुनेला मुलगा झालाय. सांगायचं राहिलं." आणि चपला घालून पायऱ्या उतरले.